वेगळे असणे आणि वेगळे होणे

स्कॉटलंडच्या सार्वमतासाठी तेथील सरकारने जो पहिला मसुदा तयार केला होता, त्यात प्रश्नाची सुरुवातच 'तुम्हाला मान्य आहे का' या शब्दांनी होत होती. स्कॉटलंड हा स्वतंत्र देश व्हावा, हे तुम्हाला मान्य आहे का, असा तो प्रश्न होता. निवडणूक आयोगाने हा मसुदा सामान्य मतदारांसमोर ठेवून तपासला आणि नेमके याच शब्दांवर बोट ठेवले, कारण 'मान्य आहे का' असे विचारले की उत्तर देणाऱ्याची मान होकाराकडे झुकते. ते शब्द गाळले गेले आणि १८ सप्टेंबर २०१४ रोजी मतपत्रिकेवर इंग्रजीतले अवघे सहा शब्द उरले. स्कॉटलंड स्वतंत्र देश व्हावा का, एवढेच. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींनाही मताचा अधिकार दिला होता, मतदान ८४.६ टक्के झाले, ५५.३ टक्के लोकांनी 'नाही' म्हटले आणि ४४.७ टक्के लोकांनी 'होय' म्हटले.

चार शब्दांवर मी एवढा वेळ घालवतो आहे, याला कारण आहे. एखाद्या प्रदेशाची भाषा, धर्म, इतिहास किंवा जगण्याची रीत आजूबाजूच्या मोठ्या देशापेक्षा वेगळी असेल, तर त्या प्रदेशाने स्वतंत्र राष्ट्र व्हावे का, हा वाद बहुतेक वेळा त्या वेगळेपणाच्या मोजमापातच अडकून पडतो. एक बाजू वेगळेपणाचे पुरावे मांडत जाते, दुसरी साम्याचे, आणि दोघांचेही म्हणणे थोडेफार खरे असल्यामुळे वादाचे घोंगडे भिजत पडते. मला स्वतःला हा प्रश्न पुष्कळ वर्षे सोपा वाटत आला होता. ज्यांची भाषा वेगळी त्यांचा देश वेगळा, यात चुकीचे काय, असे मी मानत असे आणि ठासून बोलतही असे. आज मी तसे मानत नाही. वेगळेपण हे अशा मागणीचे निमित्त असते, तिचे कारण क्वचितच असते आणि तिच्या समर्थनाला ते एकटे कधीच पुरत नाही, या मतापर्यंत मी कसा आलो ते येथे लिहितो.

जगात सुमारे ७,००० भाषा बोलल्या जातात आणि संयुक्त राष्ट्रांचे सदस्य १९३ आहेत. वेगळेपणाच्या युक्तिवादाला उत्तर म्हणून हे दोन आकडे नेहमी तोंडावर फेकले जातात. मला मात्र हे उत्तर आळशीपणाचे वाटते. १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रे स्थापन झाली तेव्हा सदस्य ५१ होते. ते जवळजवळ चौपट झाले म्हणून आभाळ कोसळले नाही. उद्या आणखी पन्नास देश झाले तरी जगाचा कारभार कसाबसा चालेलच. अडचण संख्येची नाही.

पहिली अडचण अशी की वेगळेपण जिथे सर्वांत ठळक, तिथेच स्वातंत्र्याची मागणी सर्वांत तीव्र असे प्रत्यक्षात दिसत नाही. स्कॉटलंडच्या २०११ च्या जनगणनेत गेलिक ही तिथली जुनी भाषा बोलू शकणाऱ्यांची संख्या सुमारे ५७,००० होती, म्हणजे लोकसंख्येच्या जेमतेम एक टक्का. त्याच वर्षीच्या मोजणीत वेल्समध्ये वेल्श बोलणारे १९ टक्के होते. भाषा हेच राष्ट्राचे बीज असते, तर सार्वमताची धडपड वेल्सच्या राजधानीत, कार्डिफमध्ये व्हायला हवी होती, ती एडिंबरात झाली. आणि तिथला प्रचारही गेलिक भाषेभोवती फिरला नाही. उत्तर समुद्रातले तेल कोणाचे, पौंड वापरता येईल की नाही, युरोपीय संघातले सदस्यत्व टिकेल का, फासलेनच्या तळावरच्या अण्वस्त्रधारी पाणबुड्यांचे काय करायचे आणि आपण ज्यांना मत दिले नाही त्यांचे सरकार आपल्यावर किती काळ राज्य करणार, या प्रश्नांवर लोक घरोघरी भांडत होते. संस्कृतीमुळे 'आपण' हा शब्द उच्चारणे शक्य झाले होते. त्या 'आपण'ला हवे होते ते निर्णयाचे अधिकार.

पूर्व बंगालचे उदाहरण याहून बोलके आहे. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात भाषेसाठी रक्त सांडले हे सर्वांना ठाऊक असते, आणि तिथून थेट १९७१ पर्यंत एक सरळ रेषा ओढली जाते. मधला एक टप्पा मात्र सहज विसरला जातो. पाकिस्तानच्या १९५६ च्या राज्यघटनेने उर्दूच्या बरोबरीने बंगालीला राज्यभाषेचा दर्जा दिला होता. म्हणजे भाषेची मागणी, निदान कागदावर, पूर्ण झाली होती. तरीही देश तुटला, कारण डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत पूर्वेकडच्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० अवामी लीगने जिंकल्या, ३०० जागांच्या सभागृहात तिचे निर्विवाद बहुमत झाले, आणि त्या बहुमताच्या हाती सत्ता द्यायला पश्चिमेकडचे राज्यकर्ते तयार झाले नाहीत. १ मार्च १९७१ रोजी सभागृहाचे अधिवेशनच लांबणीवर टाकले गेले आणि २५ मार्चच्या रात्री लष्कर रस्त्यावर उतरले. ज्या घरात बहुमत मिळवूनही मान मिळत नाही, त्या घरात राहा असे कोणत्या तोंडाने सांगायचे? बांगलादेशाचे स्वातंत्र्य मला पूर्णपणे न्याय्य वाटते, आणि त्याचे मुख्य कारण भाषेपेक्षा ती डावललेली निवडणूक आहे.

असा अवमान लष्कराशिवायही करता येतो आणि तो न्यायालयाच्या निकालपत्रातूनही होऊ शकतो. स्पेनमधल्या कॅटलोनियाचा गेल्या वीस वर्षांतला प्रवास मी याच दृष्टीने पाहतो. स्पेनच्या १९७८ च्या राज्यघटनेचा दुसरा अनुच्छेद एकाच दमात दोन गोष्टी सांगतो: स्पॅनिश राष्ट्राची एकता अभेद्य आहे आणि त्यातील 'राष्ट्रीयता व प्रदेश' यांना स्वायत्ततेचा हक्क आहे. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत शाळांतून आणि सरकारी व्यवहारातून हद्दपार झालेल्या कॅटलन भाषेला या तरतुदीने पुन्हा घर दिले, हे मान्यच केले पाहिजे. पुढे २००६ मध्ये स्वायत्ततेचा नवा कायदा आला. कॅटलन संसदेने तो केला, माद्रिदच्या संसदेने त्याला कात्री लावून मंजूर केला आणि कॅटलोनियाच्या मतदारांनी सार्वमताने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याला न्यायालयात आव्हान दिले गेले, प्रकरण चार वर्षे रेंगाळले आणि २८ जून २०१० च्या निकालात संविधान न्यायालयाने १४ कलमे पूर्णतः किंवा अंशतः रद्द केली, शिवाय प्रस्तावनेतल्या 'राष्ट्र' या शब्दाला कायदेशीर अर्थ नाही असेही बजावले. कायद्याच्या दृष्टीने निकाल कदाचित बरोबर असेल. पण दोन संसदांनी आणि एका सार्वमताने जे मान्य केले, ते काही न्यायमूर्तींनी उलटवले, एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. १० जुलै २०१० रोजी बार्सिलोनात जो प्रचंड मोर्चा निघाला, त्याची घोषणा होती: आम्ही राष्ट्र आहोत, निर्णय आम्ही घेऊ. पहिला अर्धा भाग जुनाच होता. दुसऱ्या अर्ध्याने पुढची दहा वर्षे पेटवली.

त्या दशकात कॅटलन नेत्यांनी जे केले त्याचे समर्थन मला करता येत नाही. १ ऑक्टोबर २०१७ चे सार्वमत न्यायालयाने स्थगित केलेले होते. विरोधकांनी त्याकडे पाठ फिरवली. मतदान ४३ टक्क्यांच्या आसपास झाले आणि त्यातले ९० टक्के होकार दाखवून २७ ऑक्टोबरला स्वातंत्र्याचा ठराव मांडला गेला. १३५ सदस्यांच्या सभागृहात तो ७० सदस्यांच्या मतांवर संमत झाला, तेव्हा विरोधी बाके बहुतांशी रिकामी होती. ज्या निर्णयाने माणसाचे नागरिकत्व बदलते, तो रिकाम्या बाकांसमोर घेता कामा नये. पण मतदान केंद्राच्या दारात उभ्या असलेल्या माणसांवर पोलिसांच्या लाठ्या चालवणे आणि नंतर नेत्यांना ९ ते १३ वर्षांच्या शिक्षा ठोठावणे हे तरी त्याचे उत्तर होते का? २०२१ मध्ये त्या नेत्यांना माफी मिळाली, २०२४ मध्ये सर्वक्षमेचा कायदा झाला, आणि त्याच वर्षीच्या कॅटलन निवडणुकीत स्वातंत्र्यवादी पक्षांचे बहुमत गेले. माफीमुळेच गेले असा दावा मी करत नाही. त्या पक्षांतली आपापसांतली भांडणेही लहान नव्हती. मात्र लाठीने मते वाढली होती आणि माफीने वाढली नाहीत, एवढे तरी नोंदवून ठेवावे.

याच कॅटलोनियाच्या वायव्य कोपऱ्यात पिरेनीज पर्वतात आरान नावाचे एक खोरे आहे. तिथली वस्ती दहा हजारांच्या घरात आहे, तिथल्या लोकांची भाषा कॅटलन नाही, ती ऑक्सितान भाषेचे एक रूप आहे, आणि तिथे उगम पावणारी गारोन नदीदेखील फ्रान्सकडे वाहत जाते. कॅटलोनिया स्पेनहून वेगळा, तर आरान कॅटलोनियाहून वेगळे. कौतुकाची गोष्ट अशी की कॅटलन संसदेने २०१५ च्या कायद्यात आरानच्या लोकांना स्वतःचे भवितव्य ठरवण्याचा हक्क आहे हे लिहून दिले. वेगळेपणाच्या पोटात दुसरे वेगळेपण असते आणि त्यालाही तोंड असते, हे कबूल करण्याइतका मोकळेपणा फार थोड्या चळवळींनी दाखवला आहे.

कॅनडातल्या फ्रेंच भाषक क्वेबेक प्रांताला तो दाखवता आला नाही. ३० ऑक्टोबर १९९५ च्या सार्वमतात तिथे ९३ टक्क्यांहून अधिक लोकांनी मत दिले आणि निकाल लागला ५०.५८ विरुद्ध ४९.४२ असा, ५४,२८८ मतांनी कॅनडा अखंड राहिला. मतपत्रिकेवरचा प्रश्न स्कॉटलंडसारखा सहा शब्दांचा नव्हता. कॅनडाला नव्या आर्थिक व राजकीय भागीदारीचा प्रस्ताव दिल्यानंतर, अमुक विधेयकाच्या आणि १२ जून १९९५ रोजी झालेल्या कराराच्या चौकटीत क्वेबेक सार्वभौम व्हावा हे मान्य आहे का, अशी ती लांबण होती, आणि त्यात 'मान्य आहे का'ही होतेच. आपण देश सोडतो आहोत की सौदा करतो आहोत, हे मतदाराला नीट कळू नये अशीच ती रचना होती, असे माझे मत आहे.

पण मला हादरवले ते त्याच्या सहा दिवस आधी घडलेल्या घटनेने. क्वेबेकच्या उत्तर भागात, जेम्सच्या उपसागराच्या बाजूला, क्री या आदिवासी समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची भूमी आहे, आणि क्वेबेकच्या मोठ्या जलविद्युत प्रकल्पांचे पाणीही तिथलेच. २४ ऑक्टोबर १९९५ रोजी क्री लोकांनी आपले स्वतंत्र सार्वमत घेतले. आमच्या संमतीशिवाय आम्हाला आणि आमच्या भूमीला कॅनडातून बाहेर नेता येणार नाही, या बाजूने ९६.३ टक्के मते पडली. त्यांची भाषा वेगळी, त्यांचा इतिहास फ्रेंच वसाहतीपेक्षा कितीतरी जुना आणि त्यांच्यावर झालेला अन्याय तर अधिकच मोठा. क्वेबेकने कॅनडाविरुद्ध वापरलेला प्रत्येक युक्तिवाद क्री लोकांनी क्वेबेकविरुद्ध जसाच्या तसा वापरला होता आणि त्यातला एकही शब्द खोडता येत नव्हता. कॅनडाचे तुकडे होऊ शकतात, पण क्वेबेकचे होऊ शकत नाहीत, असे म्हणणाऱ्याने ही रेषा कुठून आणली ते सांगायला हवे. निकालाच्या रात्री क्वेबेकचे तेव्हाचे पंतप्रधान जाक पारिझो यांनी पराभवाचे खापर पैसा आणि परक्या वंशाच्या लोकांची मते यांच्यावर फोडले, आणि दुसऱ्या दिवशी पद सोडण्याची घोषणा केली. त्या एका वाक्याने 'आपण' या शब्दात कोण बसत नाही हे उघड झाले. जनतेने ठरवावे हे ठीकच. पण जनता म्हणजे कोण, हे आधी कोणीतरी ठरवलेले असते, आणि सारा घोळ तिथेच असतो.

या प्रकरणातून एक चांगली गोष्ट निघाली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २० ऑगस्ट १९९८ रोजी दिलेले मत हा या विषयावरचा मी वाचलेला सर्वांत समजूतदार दस्तऐवज आहे. प्रांताला एकतर्फी फुटून निघण्याचा अधिकार नाही, असे न्यायालयाने सांगितले. पण प्रश्न स्पष्ट असेल आणि त्याला स्पष्ट बहुमत मिळाले, तर उरलेल्या कॅनडाला वाटाघाटीला बसावेच लागेल, आणि त्या वाटाघाटीत अल्पसंख्याकांच्या व आदिवासींच्या हक्कांचाही विचार करावा लागेल, असेही सांगितले. दार बंद केले नाही आणि सताड उघडेही ठेवले नाही. आंतरराष्ट्रीय कायदा यापेक्षा फार पुढे गेलेला नाही. स्वयंनिर्णयाचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत आहे, वसाहतींना तो निःसंशय मिळाला, पण एखाद्या लोकशाही देशाच्या भागाला केवळ वेगळे असल्यामुळे वेगळे होण्याचा हक्क कोणताही करार देत नाही.

माझ्या या सगळ्या मांडणीला अडचणीत टाकणारे उदाहरण चेकोस्लोव्हाकियाचे आहे, आणि ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. तिथे कोणालाच काही विचारले गेले नाही. जून १९९२ च्या निवडणुकीनंतर चेक बाजूचे व्हात्स्लाव क्लाउस आणि स्लोव्हाक बाजूचे व्लादिमिर मेचियार यांनी वाटाघाटी करून देशाची वाटणी ठरवली. राष्ट्राध्यक्ष हावेल यांनी जुलैमध्ये राजीनामा दिला. जनमत चाचण्यांत दोन्हीकडच्या बहुसंख्यांना फूट नको होती. आणि तरीही १ जानेवारी १९९३ रोजी एका देशाचे दोन देश झाले. स्थावर मालमत्ता जिथे होती त्याची झाली, जंगम मालमत्ता लोकसंख्येच्या हिशेबाने दोनास एक अशी वाटली गेली, त्यात लष्कराची सामग्रीही आली. चलन काही काळ एकच ठेवायचे ठरले होते. ते सहा आठवडेही टिकले नाही. फेब्रुवारीत दोन चलने झाली तेव्हा नव्या नोटा पुरेशा छापून झालेल्या नव्हत्या, म्हणून जुन्याच मोठ्या नोटांवर लहानसे तिकीट चिकटवून त्यांना चेक किंवा स्लोव्हाक ठरवण्यात आले. नोट तीच, चित्र तेच, कोपऱ्यात बोटभर कागद, आणि तेवढ्यावर ती एका देशात चालणार की दुसऱ्या, हे ठरत होते. संघराज्याची चिन्हे कोणीही वापरू नयेत असे ठरलेले असताना चेक प्रजासत्ताकाने जुना झेंडा मात्र स्वतःकडेच ठेवला. वाटणी कितीही सामोपचाराची असो, एखादे भांडे कोणीतरी पदराआड नेतोच.

विचारल्याशिवाय झालेली ही वाटणी चांगली पार पडली. एकही गोळी सुटली नाही, १ मे २००४ रोजी दोघेही एकाच दिवशी युरोपीय संघात गेले आणि आज त्यांचे संबंध पूर्वीपेक्षा बरे आहेत. मग सार्वमताचा एवढा आग्रह कशाला, असे कोणी विचारले तर माझी थोडी पंचाईत होते. एवढेच म्हणता येईल की तिथली सीमा आधीपासून आखलेली होती, तिच्या दोन्ही बाजूंना सरमिसळ कमी होती आणि ठेवून घेण्यासाठी कोणी हट्ट धरला नाही. अशी जुळणी फार क्वचित होते. शिवाय, नव्या स्लोव्हाकियाने १९९५ मध्ये राज्यभाषेचा जो कायदा केला, त्याने तिथल्या दहा टक्क्यांच्या आसपास असलेल्या हंगेरियन भाषकांच्या वाट्याला तेच दुखणे आले, जे आपल्या वाट्याला आल्याची तक्रार एकेकाळी स्लोव्हाक स्वतः करत होते. जाच सोसलेला माणूस घर मिळाल्यावर दुसऱ्याला जाचणार नाही, याची हमी कोणतीही संस्कृती देत नाही.

दक्षिण सुदानचे तर सांगायलाच नको. जानेवारी २०११ मध्ये ९८.८३ टक्के होकार, ९ जुलैला स्वातंत्र्य, आणि डिसेंबर २०१३ मध्ये आपसांतले यादवी युद्ध. खार्तूमपासून, म्हणजे उत्तरेकडच्या सुदानी सत्तेपासून, सुटण्याची त्यांची मागणी चुकीची होती, असे मी म्हणणार नाही, दशकानुदशकांच्या युद्धानंतर तर नाहीच. पण उत्तरेच्या विरोधात एक झालेले लोक उत्तर गेल्यावरही एक राहतील, हा भरवसा फोल ठरला.

मग वेगळेपणाने करायचे काय? माझे उत्तर बहुतेक वेळा स्वायत्तता हे असते, आणि त्यावरचा सर्वांत जोरदार आक्षेप मला माहीत आहे: जे दिले जाते ते काढूनही घेतले जाते. इरिट्रियाला १९५२ मध्ये इथिओपियाशी संघराज्याच्या नात्याने जोडले गेले आणि १९६२ मध्ये सम्राट हैले सेलासी यांनी ते संघराज्यच गुंडाळून टाकले. पुढची तीस वर्षे युद्धात गेली. कोसोव्होची स्वायत्तता १९८९ मध्ये बेलग्रेडच्या सर्बियन सत्तेने काढून घेतली, त्यानंतर काय झाले ते सर्वांनी पाहिले. माझ्या लेखी हे आक्षेप स्वायत्ततेवरचे नाहीत, एका सहीने रद्द होणाऱ्या स्वायत्ततेवरचे आहेत.

कारण दुसऱ्या प्रकारची स्वायत्तताही अस्तित्वात आहे. फिनलंड आणि स्वीडन यांच्या मधल्या ओलांड बेटांवरचे लोक स्वीडिश बोलतात. १९१७ मध्ये फिनलंड स्वतंत्र होत असताना त्यांना स्वीडनमध्ये जायचे होते आणि तशी त्यांनी सह्यांनिशी मागणीही केली. प्रश्न राष्ट्रसंघाकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेकडे, गेला आणि १९२१ मध्ये निर्णय लागला की बेटे फिनलंडचीच राहतील, पण तिथली भाषा, शाळा आणि जमीन यांची हमी फिनलंडला द्यावी लागेल. बेटवासीयांच्या मनासारखे झाले नाही. पण हमी खरी ठरली. आजही तिथे जमीन घ्यायची तर तिथल्या रहिवासाचा खास हक्क लागतो, सरकारी शाळा स्वीडिश माध्यमाच्या आहेत, बेटांचा स्वतःचा झेंडा आणि १९८४ पासून स्वतःची टपाल तिकिटे आहेत, युरोपीय संघात जायचे की नाही हे त्यांनी १९९४ मध्ये फिनलंडपासून वेगळे मतदान करून ठरवले, आणि स्वायत्ततेचा कायदा त्यांच्या प्रतिनिधिगृहाच्या संमतीवाचून बदलता येत नाही. वस्ती सुमारे तीस हजार. संस्कृती जगायला जे लागते ते जवळपास सगळे त्यांच्याकडे आहे. परराष्ट्र मंत्रालय नाही.

म्हणून एखादा प्रदेश स्वतंत्र व्हावा की नाही, असे कोणी मला विचारले, तर तिथली भाषा किती जुनी आहे हे मी आता आधी पाहत नाही. तिथल्या लोकांनी देशाच्या चौकटीत राहून जे मागितले, त्याचे त्या देशाने काय केले, हे पाहतो. आणि त्या प्रदेशातले जे लोक 'नाही' म्हणणार आहेत, त्यांचे हा प्रदेश उद्या काय करणार, हेही पाहतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बंदुकीने दिले गेले असेल, तर पूर्व बंगालप्रमाणे किंवा इंडोनेशियाच्या १९७५ च्या आक्रमणानंतरच्या पूर्व तिमोरप्रमाणे, तो प्रदेश गेलेलाच बरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर टाळले जात असेल, तर कितीही गोड गाणी आणि कितीही प्राचीन व्याकरण असले तरी माझा पाठिंबा मिळणार नाही. आणि विचारण्याची सोय मात्र नेहमीच हवी. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्कॉटिश संसदेला लंडनच्या संमतीशिवाय दुसरे सार्वमत घेता येणार नाही असे ठरवले. कायदा तसा असेलही. पण मग ती संमती केव्हा आणि कोणत्या अटीवर मिळू शकते, हे कुठेतरी लिहून ठेवायला नको का?

विचारण्याची सर्वांत चिकाटीची पद्धत मला स्वित्झर्लंडच्या जुरा भागात सापडली. तिथे प्रश्न नव्या राष्ट्राचा नव्हता, नव्या कँटनचा, म्हणजे देशातल्याच एका घटक राज्याचा होता, हे मान्य. पण पेच तोच होता. १८१५ मध्ये व्हिएन्ना परिषदेने हा बहुतांशी फ्रेंच भाषक भाग जर्मन भाषक बर्न कँटनला जोडून टाकला. धुसफूस जुनीच होती. तिचा भडका उडाला तो १९४७ मध्ये, बर्नच्या विधानसभेने जॉर्ज मोएक्ली या जुराच्या मंत्र्याला सार्वजनिक बांधकाम खाते नाकारले तेव्हा. एवढे महत्त्वाचे खाते फ्रेंच भाषकाकडे कसे द्यायचे, हा त्यामागचा विचार होता. शतकभराच्या भाषिक वेगळेपणाने जे झाले नव्हते, ते एका खात्याच्या नकाराने झाले.

२३ जून १९७४ रोजी जुराच्या सातही जिल्ह्यांनी मिळून मतदान केले आणि वेगळ्या कँटनच्या बाजूने निसटते बहुमत झाले. दुसरीकडे कुठेही गोष्ट इथेच संपली असती. इथे ती सुरू झाली. ज्या जिल्ह्यांचा कौल विरोधी होता, त्यांना १९७५ मध्ये पुन्हा विचारले गेले, आणि दक्षिणेकडच्या तीन जिल्ह्यांनी बर्नमध्येच राहायचे ठरवले. तेही फ्रेंचच बोलत होते. फरक एवढाच की उत्तर कॅथलिक होते आणि दक्षिण बर्नप्रमाणे प्रॉटेस्टंट. एकच भाषा, पण 'आपण' दोन. मग त्याच वर्षी नव्या सीमेवर येणाऱ्या गावांना एकेक करून विचारले गेले, तुम्ही अलीकडे की पलीकडे. १९७८ मध्ये सगळ्या देशाने या नव्या कँटनला ८२ टक्क्यांहून अधिक मतांनी मान्यता दिली आणि १ जानेवारी १९७९ रोजी ते अस्तित्वात आले. जर्मन भाषक लाउफन जिल्हा पुढे १९९४ मध्ये तिसऱ्याच कँटनमध्ये गेला.

मूतिए हे सात-साडेसात हजार वस्तीचे गाव तेव्हा बर्नच्या बाजूला राहिले होते आणि तिथल्या निम्म्या लोकांना ते कधीच पटले नव्हते. जून २०१७ मध्ये तिथे पुन्हा मतदान झाले आणि १३७ मतांनी जुरात जाण्याचा कौल मिळाला. प्रचारात गावाच्या प्रशासनाने पक्षपात केला आणि मतदारयादीत घोळ होता, या कारणांनी तो कौल रद्द झाला. लोक रस्त्यावर आले, चिडले, आणि २८ मार्च २०२१ रोजी पुन्हा रांगेत उभे राहिले. या वेळी केंद्र सरकारचे निरीक्षक हजर होते. २,११४ मते जुराला, १,७४० बर्नला. त्यानंतरही रुग्णालयाचे काय होणार, शाळा कोणाच्या, पोलीस कोणाचे आणि कर कोणाकडे भरायचा, हे ठरायला साडेचार वर्षांहून अधिक काळ गेला. १ जानेवारी २०२६ रोजी मूतिएने कँटन बदलले.

मूतिएला अगदी लागून बेलप्राँ नावाचे एक छोटे गाव आहे. त्यालाही सप्टेंबर २०१७ मध्ये हाच प्रश्न विचारला गेला होता. ११४ जणांनी जुरा म्हटले आणि १२१ जणांनी बर्न. सात मतांवर बेलप्राँ आहे तिथेच राहिले.